ओली झाली की दिसणारी काच

पनवेलजवळ सुकापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे, की पुष्पाताई खिडक्यांच्या कंपनीत आहे. त्यामुळे अधूनमधून कोणी ना कोणी दार वाजवतं. "आमची स्लायडिंग अडकते हो, तुमच्याकडचा माणूस पाठवा ना." मी सांगते, आमच्या खिडक्या तळहाताएवढ्या, काही तर नाण्याएवढ्या. त्या घरांना नसतात. टाक्यांना, भट्ट्यांना, पाइपांना, यंत्रांना असतात. समोरच्या काकूंनी तर एकदा विचारलं, "टाकीला खिडकी कशाला? टाकीला काय उकडतं?"

उकडतं ना. टाकीत काहीतरी उकळत असतं, भट्टीत वितळत असतं, आणि बाहेरच्या माणसाला ते पाहायचं असतं. झाकण काढून बघता येत नाही, तोंड भाजेल. म्हणून पोलादाला भोक पाडायचं आणि त्यात अशी एक चकती बसवायची, की आतलं आत राहील आणि नजर तेवढी आत जाईल. ती चकती कशाची असावी, हे ठरवण्याचं काम आमच्या गाळ्यात चालतं. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, बाहेरून बघाल तर पापडाचा कारखाना वाटेल असा आमचा गाळा आहे.

मी मूळची भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची. शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा समुद्र कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. माझे मिस्टर देवीदास एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले होते. मी काचा धुवायला म्हणून कर्णिकसरांच्या गाळ्यात लागले. मुलाखतीत सरांनी एकच विचारलं, "हातातून वस्तू पडतात का?" मी म्हटलं, "नाही सर, पण पडेल पडेल अशी भीती वाटत राहते." ते म्हणाले, "मग उद्यापासून या."

माझा स्वभाव असाच. गॅस बंद केला का हे बघायला मी अजूनही जिन्यातून परत जाते. या धंद्यात तो खपून गेला याबद्दल मी सरांची फार ऋणी आहे. दुसरीकडे कुठे मला एवढे प्रश्न विचारू दिले असते, असं वाटत नाही.

पहिला प्रश्न मी विचारला तो काळ्या चकतीबद्दल. धुवायच्या ट्रेमध्ये काचांच्या शेजारी एक चकती होती, चकचकीत, काळपट, आरशासारखी. उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. मी घाबरत म्हटलं, "सर, ही काच नाही. चुकून आली." सर खुशीत हसले. त्यांनी कपाटातून उष्णतेचा कॅमेरा काढला. हा कॅमेरा उजेड पाहत नाही, गरमपणा पाहतो. पडद्यावर माझा हात केशरी दिसत होता, चहाचा कप पिवळा, भिंत निळी. सरांनी ती काळी चकती कॅमेऱ्यासमोर धरली. माझा हात तसाच दिसत राहिला. मग त्यांनी आपल्या टेबलाची स्वच्छ, पारदर्शक काच उचलून मधे धरली, आणि माझा हात गेला. पडदाभर नुसता गढूळ रंग.

"आता ती कचऱ्याची काळी पिशवी आणा," सर म्हणाले. पिशवीच्या मागे हात धरला तर हात पुन्हा हजर.

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडायची विसरले. इतकी वर्षं आपण समजतो, काचेतून दिसतं आणि काळ्या पिशवीतून दिसत नाही. पण ते कोण बघतंय त्यावर आहे. त्या काळ्या चकतीचं नाव जर्मेनियम. ते माझ्या तोंडात बसायला वेळ लागला, पण ते बसल्यावर बाकीची नावं सोपी गेली.

बाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. साधी काच तापली की तडकते. तिच्याहून बरी बोरोसिलिकेट, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची असते ती. क्वार्ट्झ म्हणजे तापून लाल केली आणि पाण्यात टाकली तरी कुरकुर न करणारी काच. झिंक सेलेनाइड पिवळं असतं, पातळ हळदीच्या पाण्यासारखं. दिसायला गोड, पण त्याची पूड विषारी, म्हणून त्याला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत कणखर नीलम. कारखान्यात बनवलेला असतो, निळा नसतो, पाण्यासारखा स्वच्छ असतो. त्याच्यावर हिऱ्याशिवाय सहसा ओरखडा उठत नाही.

या नीलमापायी एक गिऱ्हाईक कायमचं लक्षात राहिलं. खोपोलीकडचे एक कारखानदार, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ. त्यांच्या यंत्राला नीलमाशिवाय दुसरं काही टिकणार नव्हतं. चकती घेऊन गेले आणि आठवडा झाला तरी बसवली नाही. मी फोन केला. "बसवतो ताई," ते म्हणाले, "उशीखाली ठेवलाय. नीलम सगळ्यांना लाभत नाही ना. वाईट स्वप्न पडलं नाही म्हणजे बसवतो." मी म्हटलं, "साहेब, घालणार यंत्र आहे, तुम्ही नाही." ते म्हणाले, "यंत्र माझ्या नावावर आहे ना." मी फोन ठेवला. चकती लाभली त्यांना, नंतर आणखी दोन नेल्या.

काच निवडायची तर सर तीन प्रश्न विचारायला शिकवायचे. आत काय आहे? किती तापतं? आणि बघणार कोण, डोळा की कॅमेरा? पुढे सरांनी मला धुण्यावरून उठवून फोनवर बसवलं, कारण लोक तिन्ही प्रश्नांना अर्धवट उत्तरं देतात, आणि अर्धवट उत्तरावर मला झोप येत नाही. चौथा प्रश्न मात्र आम्ही ठेच लागून शिकलो. ती ठेच खंडेनवमीला लागली.

आमच्याकडे घासायला आणि पॉलिशला नामदेव आहे. उरणकडचा, खाडीकाठचा. आम्ही त्याला नामादादा म्हणतो, तो मला वैनी म्हणतो. कानांत असं कसब की पॉलिश होत असलेल्या काचेवर बोट न लावता तो ती किती गुळगुळीत झाली ते घासण्याच्या आवाजावरून सांगतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा तोच करायचा. यंत्रं पुसायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि तांब्यातलं पाणी फुलाने सगळीकडे शिंपडायचं. त्या वर्षी टेबलावर एका प्रयोगशाळेसाठी बनवलेल्या चकत्यांचा ट्रे होता. सर म्हणायचे, "माल हीच आपली लक्ष्मी," म्हणून नामादादाने भक्तिभावाने ट्रेवरही पाणी शिंपडलं. चांगलं सढळ हाताने.

प्रसाद वाटून झाला आणि माझं लक्ष गेलं. चकत्यांवर खड्डे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. एकीवर फूल पडलं होतं, तिथे फुलाचाच ठसा.

त्या चकत्या मिठाच्या होत्या. खरंच मीठ, आपण आमटीत घालतो तेच, फक्त एकसंध स्फटिक वाढवून कापलेलं आणि पॉलिश केलेलं. उष्णतेचे काही किरण काचेतून जात नाहीत पण मिठातून जातात, म्हणून प्रयोगशाळेत मिठाच्या खिडक्या वापरतात. कोरड्या डब्यात ठेवाव्या लागतात. पनवेलची दमट हवाच त्यांना विरघळवायला पुरते, तांब्याभर पाणी म्हणजे तर कहरच.

सरांनी ट्रे पाहिला आणि डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. मग विचारलं, "नामदेव, तुझे वडील कुठे होते कामाला?"

नामादादा मान खाली घालून म्हणाला, "मिठागरावं."

"बापाचा जन्म गेला मिठाला पाण्यापासून वाचवण्यात."

"सर, मना काय माईत," नामादादा म्हणाला. "काचंसारखा दिसतंय, काचंचे दुकानान हाय, मी बोललो काचच हाय. आमचं मीठ असा नसतं. आमचं मीठ कसा परामाणिक, मिठासारखा दिसतं."

सर हसायला लागले ते थांबेनात. पण चौथा प्रश्न तेव्हापासून आला: हिला पुसणार कोण, आणि कशाने? आपल्या माणसाचा हात काच म्हटली की ओल्या फडक्याकडेच जातो. खिडकी कशाची आहे हे ठरवताना त्या हाताचाही विचार करावा लागतो.

एवढं सगळं सांगितलं ते आता पुढचं कळावं म्हणून.

एके दिवशी जर्मेनियमच्या खिडकीसाठी फोन आला. बोलणाऱ्या पाटणकर मॅडम, एका कारखान्याच्या देखभाल विभागात नुकत्याच आलेल्या, राहायला खारघरला. आवाज तरुण आणि उत्साही. मी प्रश्न सुरू केले. आत काय? "कॉस्टिक सोडा. पाणी उडवून घट्ट करतो." किती तापतं? "पाण्याच्या उकळीच्या बरंच वर." बघणार कोण? "कॅमेरा. थर्मल. फेस वर चढला की तापमानातला फरक दिसेल आणि स्टीम आपोआप बंद होईल." सध्या कोण बघतं? "ऑपरेटर. साध्या साइट ग्लासमधून. दिवसभर तिथे डोळा लावून उभं राहायचं म्हणजे शिक्षा आहे हो. कॅमेरा आला की माणूस लागणार नाही तिथे."

मी कारखान्याचं नाव लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. देवीदास त्याच टाकीवर होते.

साइट ग्लास म्हणजे टाकीच्या अंगाला समोरासमोर बसवलेल्या दोन काचा. एकीतून दिव्याचा उजेड आत सोडायचा, दुसरीतून माणसाने पाहायचं. आत फेस चढायला लागला की वाफेचा व्हॉल्व्ह आवळायचा, नाहीतर कॉस्टिक वरच्या पाइपात जाऊन बसतं. हे काम देवीदासांना फार जमायचं. फेस चढायच्या आधी कसा 'वळतो' ते त्यांना कळायचं. घरी दूध तापत ठेवलं की मी त्यांनाच उभं करायची, आमच्याकडे दूध कधी उतू गेलेलं नाही. शिक्षणाने आम्ही दोघंही अर्धवट, गाव लांब, आणि त्यांच्याकडे हे एक कसब होतं. ते काम गेलं तर कारखाना त्यांना कुठे टाकेल, ठेवेल तरी का, हा विचार माझ्या छातीवर बसला.

संध्याकाळी भात वाढताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या टाकीची काच कशी आहे हो?"

"चांगली आहे नं. काऊन?"

"कॅमेरा लावणार म्हणतात. काच नीट दिसत नाही का?"

"कोण म्हणते? मस्त दिसते," देवीदास म्हणाले. "कोरडी झाली का दुधासारखी होते, पण टाकी सुरू झाली, आतून ओली झाली, का एकदम साफ. मी तर रोज पाहून राहिलो. तपासणीच्या दिवशी बी टाकी धुतात, मंग साहेब पाहतात, त्यायलेबी साफच दिसते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काऊन घाबरून राहिली?"

मी म्हटलं, "काही नाही, भात घ्या." पण मला बरं वाटलं. काच साफ आहे, म्हणजे बदलायची गरज नाही, म्हणजे माणूस राहील.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि दोन्ही एकत्र सांगायला लाज वाटत होती. एक, की तुम्हीच एकदा म्हणाला होता, जर्मेनियम तापलं की आंधळं होतं. आणि दोन, की त्या टाकीवर आमचे हे उभे असतात.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे जर्मेनियम नको हे तुम्हाला काचेसाठी वाटतंय, की नवऱ्यासाठी?"

"तेच तर मला कळत नाही, सर," मी म्हटलं. "रात्रभर तेच चाललंय डोक्यात. मला त्यातलं खरं काय ते ओळखता येईना."

"मग आपण दोघांनीही ओळखायला नको," सर म्हणाले. "हॉटप्लेटला नवरा नसतो. तिला विचारू."

त्यांनी पाटणकर मॅडमना बोलावून घेतलं. मी समजत होते कोणी तोऱ्यातली बाई येईल. आली ती स्कूटरवरून, हेल्मेट काखेत, आणि आल्या आल्या म्हणाली, "दाखवा, मला हे बघायचंच आहे. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नाही." सरांनी जर्मेनियमची चकती एका कड्यात बसवली, कड्याला तापवायची सोय केली. एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला नामादादाने गरम पाण्याचा तांब्या हातात धरलेला.

पडद्यावर नामादादा झकास केशरी. चकती तापायला लागली. आधी काही नाही. मग त्याच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. मग तांब्या गेला, मग हात गेले, आणि हळूहळू पडदाभर एकच रंग पसरला. नामादादा तिथेच उभा होता. कॅमेऱ्याला मात्र तो दिसत नव्हता. खिडकीच आंधळी झाली होती.

"आमी हाव का गेलाव?" नामादादाने विचारलं.

"गेलात," मॅडम म्हणाल्या. टाळी वाजवायच्या बेतात होत्या. "पुन्हा करूया? थंड झाली की परत दिसतं?" दिसलं. चकती निवली तसा नामादादा परत आला, आधी तांब्या, मग हात, मग मिशा. आम्ही चौघंही शाळेच्या सहलीला आल्यासारखे बघत होतो. माझी भीतीसुद्धा तेवढा वेळ कुठेतरी बाजूला बसली होती.

चहा आला. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हे बाद. मग करायचं काय?"

माझ्या मनात होतं ते मी बोलून टाकलं. "मॅडम, आहे तीच काच राहू द्या ना. आमचे मिस्टर त्या टाकीवर आहेत, ते सांगतात काच चांगली आहे. कोरडी असली की दुधी दिसते एवढंच. ओली झाली की एकदम साफ दिसते."

मी हे त्यांची जागा वाचवायला म्हटलं होतं.

सरांच्या हातातला कप बशीत टेकला. "काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हटलं, आवाज खाली गेला माझा.

सर उठले. ते नामादादाच्या बाकापाशी गेले आणि नुसती घासलेली, अजून पॉलिश न केलेली एक काच घेऊन आले. पांढरी, दुधी, पलीकडचं काही न दिसणारी. त्यांनी ती माझ्या पाण्याच्या बाटलीखाली धरली. पाणी पडलं आणि काच स्वच्छ झाली. पलीकडे पाटणकर मॅडमचा चेहरा, चष्म्यासकट. सरांनी ती रुमालाने कोरडी केली. परत दूध.

"ही घासल्यामुळे खरखरीत आहे," सर म्हणाले. "पाणी त्या खाचांत भरतं, म्हणून साफ वाटते. चांगल्या काचेला दिसण्यासाठी ओलं व्हावं लागत नाही. तुमची काच कोणी घासली नाही, मॅडम. ती कॉस्टिकने आतून खाल्लीय. गरम कॉस्टिक काच खातं. किती खाल्लीय ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही टाकी धुऊन, ओल्या काचेतून तपासता."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा सगळा उत्साह गेला. त्या मला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर आत्ता ड्युटीवर आहेत?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं. काच दिसेनाशी झाली की माणूस काय करतो? तोंड आणखी जवळ नेतो.

मॅडम बाहेर जाऊन फोनवर बोलत होत्या, गल्लीतून त्यांचा आवाज आत येत होता. "स्टीम बंद करा. नाही, विचारायला थांबू नका, मी सांगतेय म्हणून बंद करा. आणि काचेसमोर कोणी उभं राहायचं नाही. बाजूला व्हायला सांगा. आधी बाजूला व्हायला सांगा." मग त्या हेल्मेट न घालताच स्कूटरवर बसल्या, सरांनी मागून ओरडून हेल्मेट दिलं.

देवीदासांचा फोन लॉकरमध्ये असतो, लावून उपयोग नव्हता. मी एका ट्रेमधल्या काचा धुवायला घेतल्या. धुतलेल्याच होत्या, तरी धुतल्या. नामादादा शेजारी येऊन उभा राहिला. "वैनी, काय नाय व्हायाचा," तो म्हणाला. "आवरे दिवस ऱ्हायली ना ती काच. आजचे दिवस नाय ऱ्हाणार?" त्याने धीर द्यायलाच म्हटलं, पण माझी भीती नेमकी तीच होती. इतके दिवस राहिलीय, म्हणूनच आज फुटेल.

दुपार उलटल्यावर मॅडमचा फोन आला. टाकी बंद झाली, निवतेय, सगळे ठीक आहेत. मी पायरीवर जाऊन बसले. सरांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, तीच, आणि ते आत गेले.

देवीदास संध्याकाळी घरी आले ते फडक्यात गुंडाळलेली काच घेऊनच. मॅडमनी काढून धुऊन त्यांच्याच हाती दिली होती, 'मिसेसच्या कंपनीत दाखवा' म्हणून. त्यांचा चेहरा रुसल्यासारखा होता. "एवढी चांगली काच काढून टाकली," ते म्हणाले. मी ती हातात घेतली. कडेला जाड होती, जिथे पोलादाच्या कड्याने तिला झाकलं होतं. मधे वाटीसारखी खोलगट. मी त्यांचा हात धरून त्यांचा अंगठा कडेवरून मधे नेला. अंगठा उतरत गेला. मग देवीदास फडकं घडी करून ठेवत म्हणाले, "मी तं नाक टेकवत होतो वो."

दुसऱ्या दिवशी सरांनी जाडी मोजायला त्या काचेला कॅलिपर लावला. आकडा वाचला, कॅलिपर मिटवला आणि खिशात टाकला. मी विचारलं, "किती उरली होती सर?" मला प्रत्येक गोष्ट विचारायची मुभा देणारे कर्णिकसर त्या दिवशी म्हणाले, "एवढा एक प्रश्न राहू द्या, पुष्पाताई." मी राहू दिला आहे.

पुढे त्या टाकीला काय बसलं ते सांगायला हवं, नाहीतर धंद्यातले वाचक नाराज होतील. डोळ्यासाठी जाड बोरोसिलिकेट, आणि तिच्या आतल्या अंगाला अभ्रकाचा पातळ पापुद्रा. कॉस्टिक काच खातं, तसं अभ्रक खात नाही. पापुद्रा खराब झाला की बदलायचा, काच शाबूत. आणि शेजारी नीलमाची एक छोटी खिडकी. नीलम तापला तरी आंधळा होत नाही, आणि एका जातीच्या उष्णतेच्या कॅमेऱ्याला त्यातून दिसतं. तपासणी आता काच काढून, कोरडी करून, जाडी मोजून होते. मॅडमनी तसं लावूनच घेतलं.

आणि माणूस? मला ज्याची काळजी होती ते अर्धं खरं झालं. काचेसमोरची जागा गेली. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुठला रंग म्हणजे फेस, कुठला म्हणजे नुसती वाफ, हे यंत्राला शिकवायला कोणीतरी हवं होतं. मॅडमनी देवीदासांना पडद्याशेजारी खुर्ची दिली. अजून ते त्याच खुर्चीवर आहेत, काचेपासून दोन भिंती लांब. कुरकुर करतात. "रंग दिसते, पण फेस वळताना दिसत नाही," म्हणतात. मला त्यांचं खरं वाटतं. मी तरी रोज देवापुढे हात जोडताना त्या दोन भिंतींनाही जोडते.

यंदाच्या खंडेनवमीलाही गाळ्यात पूजा झाली. मिठाच्या चकत्या आता त्या दिवशी कोरड्या डब्यात कुलपात असतात आणि त्यांच्या नावाने नामादादा एक सुपारी मांडतो. यंत्रांच्या शेजारी पाटावर ती खाल्लेली काचही असते. सरांनी ती फेकू दिली नाही, आणि मीही नाही. देवीदास प्रसादाला आले होते. पाटाच्या पलीकडे मांडी घालून बसले होते.

नामादादाने तांब्या माझ्यापुढे केला. "हिच्यावं तू मार, वैनी. ही खरी काच हाय."

मी काच उभी धरली. दूध नुसतं, पलीकडे काही नाही. मग फुलाने पाणी शिंपडलं. ओघळ खाली उतरला आणि त्या ओघळापुरते देवीदास दिसले, एक डोळा, थोडी मिशी, तोंडात प्रसादाचं खोबरं. "का पाहून राहिली?" त्यांनी विचारलं. मी पाणी सुकेपर्यंत पाहत राहिले, आणि सुकल्यावर काच पाटावर ठेवून पाटाच्या वरून थेट त्यांच्याकडे पाहिलं.